दिपोटी झालेला कवी

आमच्या लहानपणी शाळेत दिपोटी येणार म्हटले की गावात लग्नघरासारखी धांदल उडे. वर्ग सारवले जात, तक्त्यांवरची धूळ झटकली जात असे. त्या आठवड्यात आम्ही मराठीच्या पुस्तकातला एकच धडा वाचत असू. तो इतक्या वेळा वाचायचा की पुस्तक हातात घेताच आपोआप त्याच पानावर उघडे. साहेबांनी पुस्तक उघडावे आणि नेमके तेच पान निघावे, असा गुरुजींचा हिशेब. साहेब समोर आले की आम्ही तो धडा घडाघडा म्हणून दाखवीत असू. वाचत नव्हतो, म्हणत होतो. साहेब चांगला शेरा लिहीत, चहा-पोहे घेत आणि सायकलवर टांग टाकून पुढच्या गावाला जात. आमचे गुरुजी लबाड नव्हते. अतिशय मायाळू माणूस. पण वर्षभराच्या कष्टांचा निकाल एका सकाळी लागणार असेल, तर माणूस त्या सकाळचीच तयारी करणार.

पुढे मी स्वतः शिक्षक झालो आणि इंग्रजी शिकवू लागलो. बी.ए.ला मॅथ्यू अर्नोल्डची ‘डोव्हर बीच’ ही कविता आम्हाला होती. त्याचे समीक्षेचे सिद्धान्त पाठ करून मी परीक्षा दिली होती. परंतु हा कवी आयुष्याची ३५ वर्षे शाळा तपासत हिंडत होता, आपल्या भाषेत सांगायचे तर तो दिपोटी होता, ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. ती कळली निवृत्तीनंतर, त्याच्या तपासणीच्या अहवालांचे पुस्तक हाती आले तेव्हा. ते वाचताना मला माझे गुरुजी आठवले. आणखीही एक गोष्ट आठवली. ती शेवटी सांगतो.

अर्नोल्डचा जन्म २४ डिसेंबर १८२२ रोजी, थेम्स नदीकाठच्या लेलहॅम या गावी झाला. वडील डॉ. थॉमस अर्नोल्ड हे रग्बी शाळेचे मुख्याध्यापक. इंग्लंडच्या शिक्षणाच्या इतिहासातले ते मोठे नाव. अशा बापाच्या पोटी जन्मलेला हा मुलगा मात्र मौजी, नटण्याची आवड असलेला आणि अभ्यासाकडे तिरप्या नजरेने पाहणारा. १८४१ साली तो ऑक्सफर्डला गेला. पुढच्याच वर्षी वडील हृदयविकाराने अचानक गेले. १८४४ साली परीक्षेचा निकाल लागला, तेव्हा डॉ. अर्नोल्डच्या मुलाला दुसरा वर्ग मिळाला. घरच्यांची आणि मित्रांची निराशा झाली. पण पुढच्याच वर्षी ओरिएल कॉलेजने त्याला फेलो म्हणून निवडले. परीक्षेच्या निकालात माणूस किती मावतो आणि किती बाहेर राहतो, याचा धडा त्याला असा घरबसल्याच मिळाला.

१८४७ पासून तो लॉर्ड लॅन्सडाऊन या मंत्र्याचा खासगी चिटणीस होता. कविता छापून येत होत्या, पण कवितेवर संसार चालत नाही, हे इंग्लंडातही खरेच. फ्रान्सेस ल्यूसी वाइटमन या न्यायाधीशाच्या मुलीशी त्याला लग्न करायचे होते आणि त्यासाठी स्थिर उत्पन्न हवे होते. लॅन्सडाऊनने शब्द टाकला आणि एप्रिल १८५१ मध्ये अर्नोल्डला शाळा तपासनिसाची सरकारी नोकरी मिळाली. जूनमध्ये लग्न झाले. म्हणजे शिक्षणाच्या ध्येयाने वगैरे नव्हे, तर चारचौघांसारखा पोटासाठी आणि घरासाठी हा माणूस या खात्यात आला.

नोकरी सोपी नव्हती. त्या काळी इंग्लंडमध्ये गोरगरिबांच्या शाळा बहुतांशी निरनिराळ्या धर्मपंथांच्या संस्था चालवीत आणि सरकार त्यांना अनुदान देई. सरकारी चर्चच्या शाळा तपासायला पाद्री तपासनीस असत. अर्नोल्डच्या वाट्याला इतर पंथांच्या शाळा आल्या. त्या दूरदूर विखुरलेल्या असल्यामुळे सुरुवातीला त्याला इंग्लंडचा जवळजवळ तिसरा हिस्सा पायाखाली घालावा लागे. आगगाडी, गावोगावची भाड्याची बिऱ्हाडे, धुरकट गिरणगावे, रात्री उशिरापर्यंत उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. १८५८ पर्यंत नवराबायकोला स्वतःचे असे घर नव्हते. मधल्या काळात मुले झाली आणि कविता कमी होत गेली. १८५७ साली ऑक्सफर्डने त्याला काव्याचे प्राध्यापकपद दिले. तिथे लॅटिनऐवजी इंग्रजीत व्याख्याने देणारा तो पहिला. पण हे पद मानाचे, पगारापुरते नव्हे. त्यामुळे शाळांची फेरी सुटली नाही.

१८५९ साली एका सरकारी आयोगाच्या वतीने तो फ्रान्स, हॉलंड आणि स्वित्झर्लंडमधल्या शाळा पाहून आला. तिथे सरकार शाळेची जबाबदारी उचलते, हे पाहून तो प्रभावित झाला. इकडे त्याच आयोगाने १८६१ साली अहवाल दिला. शाळांमधले शिक्षक वरच्या वर्गातल्या चार हुशार मुलांवर मेहनत घेतात आणि खालच्या वर्गातल्या मुलांना साधे लिहिणे-वाचणेही धड येत नाही, असा त्याचा सूर होता. तक्रार अगदीच खोटी नव्हती. शिक्षणखात्याची सूत्रे तेव्हा रॉबर्ट लो या तल्लख आणि काटेकोर राजकारण्याकडे होती. करदात्यांच्या पैशांतून अनुदान जाते, तर त्याच्या बदल्यात मुले काय शिकली ते दाखवा, हा त्याचा रोकडा सवाल. आणि सवाल म्हणून तो आजही चुकीचा वाटत नाही.

लोच्या १८६२ च्या नव्या नियमावलीचा हिशेब असा. सहा वर्षांवरच्या मुलांसाठी सहा इयत्ता ठरल्या. सरासरी हजेरीमागे शाळेला दर मुलामागे ४ शिलिंग. वर्षात दोनशेहून अधिक हजेऱ्या भरलेल्या मुलाची तपासनीस स्वतः वाचन, लेखन आणि गणित या तीन विषयांत परीक्षा घेणार. तिन्ही विषयांत पास झाल्यास आणखी ८ शिलिंग. एका विषयात नापास झाल्यास २ शिलिंग ८ पेन्स कापले. शिक्षकाचा पगार बहुतेक ठिकाणी याच पैशांतून निघे. म्हणजे पोराने बेरीज चुकवली की मास्तरच्या ताटातली भाकरी कमी झाली.

ही योजना अर्नोल्डला मान्य नव्हती. पण तो त्याच खात्याचा नोकर, पदरी लहान मुले आणि लो त्याचा वरिष्ठ. तरीही मार्च १८६२ मध्ये त्याने एका मासिकात निनावी लेख लिहून योजनेचे वाभाडे काढले. लेख कुणाचा हे फार काळ लपून राहण्यासारखे नव्हते. नोकरी जाण्याची धास्ती त्याला होती, हे त्याच्या घरच्या पत्रव्यवहारावरून कळते. सुदैवाने नोकरी राहिली. गंमत अशी की दोन वर्षांनी जावे लागले ते लोलाच. तपासनिसांचे अहवाल खाते कापून छापते, असा ठराव संसदेत मंजूर झाला आणि लोने राजीनामा दिला. त्याची नियमावली मात्र मागे राहिली.

अर्नोल्डचे म्हणणे काय होते? पहिली गोष्ट, ही मोजणी गरिबाच्या शाळेवर अन्याय करते. ज्या घरात पुस्तक नाही, ज्या मुलाला कामासाठी शाळा चुकवावी लागते, त्याला शिकवणे सर्वात अवघड. पण तेच मूल नापास होणार आणि त्याच्याच शाळेचे पैसे कापले जाणार. मूल कुठून निघाले हे न पाहता फक्त कुठे पोहोचले ते पाहायचे, हा कसला न्याय? दुसरी गोष्ट, तपासनिसाचे काम शाळेचा जीव कसा आहे हे पाहण्याचे. प्रत्येक मुलाच्या तीन विषयांच्या खुणा करण्यात दिवस गेला तर शाळा पाहायची कधी? आणि तिसरी गोष्ट सर्वात महत्त्वाची. पैसा परीक्षेला बांधला की शिक्षक परीक्षेलाच शिकवतात.

पुढच्या वर्षांच्या अहवालांत त्याने हे पुराव्यानिशी मांडले. वर्षाच्या आरंभी एक पुस्तक निवडायचे आणि वर्षभर तेच घोकायचे. तपासनीस आला की मुले त्यातली दोन वाक्ये छान वाचतात, दुसरे पुस्तक दिले की अडखळतात. १८६९ साली त्याने स्पष्टच नोंदवले की मुलांना वाचता, लिहिता आणि हिशेब करता न येताही या तिन्ही विषयांत पास करून घेता येते. हे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर आमचे ते मळलेले पान उभे राहिले. मधे शंभर वर्षे आणि सात समुद्र.

अनुदानाचा खर्च मात्र घटला. १८६१ साली सुमारे ८ लाख १३ हजार पौंड होता, तो १८६५ साली ६ लाख ३६ हजारांवर आला. तिजोरीच्या दृष्टीने योजना फत्ते झाली होती.

अर्नोल्ड फार कडक तपासनीस होता असे नाही. कामाचा त्याला कंटाळा येई, हेही खरे. पण मुलांशी तो मायेने वागे. मुलांनी चांगल्या कविता पाठ कराव्यात, असा त्याचा आग्रह असे. घरात दुःखे कमी नव्हती. १८६८ या एकाच वर्षात त्याची दोन मुले गेली, एक तान्हे आणि एक सोळा वर्षांचा. १८७२ साली अठरा वर्षांचा तिसरा मुलगा गेला. याच वर्षांत त्याचे ‘कल्चर अँड अनार्की’ हे गाजलेले पुस्तक आले आणि शाळांच्या फेऱ्याही चालू राहिल्या. १८८४ मध्ये तो मुख्य तपासनीस झाला आणि १८८६ मध्ये निवृत्त. १५ एप्रिल १८८८ रोजी अमेरिकेहून येणाऱ्या लेकीला उतरवून घेण्यासाठी तो लिव्हरपूलला गेला होता. ट्राम गाठण्यासाठी धावला आणि तिथेच वडिलांसारखा हृदयविकाराने कोसळला. वय ६५. निकालावर अनुदान देण्याची पद्धत १८९० पासून मोडीत निघू लागली आणि १८९७ पर्यंत संपली. ते पाहायला तो नव्हता.

आपल्याला वाटेल, ही साहेबाच्या देशातली कथा. पण १८६० नंतरच्या दशकात हीच पद्धत मुंबई इलाख्यातही आली. १८८२ च्या हंटर आयोगाने प्राथमिक शाळांसाठी तिची शिफारस केली आणि ती सुटायला विसावे शतक उजाडले. त्याच आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी निवेदन दिले होते. वर्षातून एकदा होणारी तपासणी निरुपयोगी आहे, ती निदान तिमाही व्हावी आणि अधूनमधून आगाऊ वर्दी न देता शाळा पाहाव्यात, अशी त्यांची मागणी होती. आमच्या त्या सारवलेल्या वर्गाचे मर्म त्यांनी तेव्हाच ओळखले होते.

आता काळ बदलला आहे. मूल कुठे पोहोचले यापेक्षा ते वर्षभरात किती पुढे सरकले हे मोजावे आणि त्यावरून शाळा व शिक्षक जोखावेत, असा विचार पुढे आला. अमेरिकेत टेनेसी राज्याने १९९२ साली तसा कायदा केला. त्यामागचे गणित विल्यम सँडर्स या संख्याशास्त्रज्ञाचे. ते मूळचे शेती आणि पशुपैदाशीच्या आकडेमोडीत मुरलेले. आपल्याकडे २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमात आधी पायाभूत चाचणी आणि मग संकलित चाचण्या आल्या, त्यामागेही मुलाची प्रगती पाहण्याचीच कल्पना होती. अर्नोल्डच्या पहिल्या आक्षेपाला हे उत्तर आहे, आणि चांगले उत्तर आहे. गरीब वस्तीतला शिक्षक यात आपोआप नापास ठरत नाही.

पण तिसऱ्या आक्षेपाचे काय? अटलांटा शहरात चाचण्यांच्या उत्तरपत्रिकांत फेरफार केल्याबद्दल २०१५ साली ११ शिक्षक आणि अधिकाऱ्यांना न्यायालयाने दोषी ठरवले. अमेरिकेच्या संख्याशास्त्र संस्थेने २०१४ साली बजावले की मुलांच्या गुणांमधल्या फरकापैकी शिक्षकाचा वाटा बहुतेक अभ्यासांत १ ते १४ टक्केच दिसतो. उरलेले घर, आजार, सोबत आणि दैव. तीस मुलांच्या एका वर्गावरून मास्तरची किंमत ठरवणे म्हणजे एका पावसावरून सुगी ठरवणे.

आता माझी राहिलेली गोष्ट. मी दहावीचा वर्गशिक्षक होतो तेव्हा शाळेचा निकाल हेच शाळेचे नाक होते. एक मुलगा नववीत माझ्याकडे आला तेव्हा त्याला इंग्रजी मुळाक्षरे सलग लिहिता येत नव्हती. वर्षाअखेर तो बोट ठेवून, अडखळत का होईना, एक परिच्छेद वाचू लागला. माझ्या नोकरीतली ती सर्वात मोठी वाढ असेल. पण दहावीला तो नापास होणार हे दिसत होते. मी त्याच्या वडिलांना बोलावले आणि शाळेतून नाव काढून बाहेरून १७ नंबरचा अर्ज भरायला सुचवले. वडिलांनी हात जोडले, मी सांगतो ते त्याच्या भल्याचेच असणार असे समजून. निकालाची टक्केवारी राखली गेली. तो मुलगा परीक्षेला बसलाच नाही, हे नंतर कळले.

त्या वेळी प्रगती मोजणारा तक्ता असता तर तो मुलगा माझ्या वर्गात राहिला असता का? कदाचित राहिला असता. म्हणून अशा मोजमापाला मी नाही म्हणत नाही. कुणाला मदत हवी, हे त्यातून जरूर कळावे. पण त्या तक्त्यावर माझी वेतनवाढ ठरणार असती, तर पायाभूत चाचणीत मुलांनी कमीच गुण मिळवावेत असे मला वाटले असते. म्हणजे नंतरची वाढ उठून दिसली असती. मी स्वतःला ओळखतो. अर्नोल्डने आम्हा मास्तरांना त्याहून आधी ओळखले होते.

हल्ली जून महिन्यात चौकाचौकांत शंभर टक्के निकालाचे फलक लागतात. ते वाचताना मी नकळत एक हिशेब करतो. या शाळेत नववीच्या वर्गात किती मुले होती आणि दहावीला किती बसली? तो आकडा फलकावर नसतो.