लांबचं स्टेशन पकडायचंय? वॅट नंतर, आधी मार्कोनी!

हॅम रेडिओ घेताना सगळे विचारतात, किती वॅटचा? मी आधी बँड आणि अँटेना विचारतो. कारण मार्कोनी.

गुल्येल्मो मार्कोनी १८७४ साली इटलीतल्या बोलोन्यात जन्मला. १९०१ मध्ये त्याने न्यूफाउंडलंडला पतंगावर सुमारे १५० मीटर तार चढवली आणि अटलांटिकपलीकडून, इंग्लंडमधल्या पोल्धूहून आलेला सिग्नल ऐकल्याचं जाहीर केलं. १९०९ मध्ये नोबेलही मिळालं. पण पुढची कित्येक वर्षं त्याचा भर लांब लहरींवर होता: अवाढव्य मनोरे, प्रचंड वीज.

१९२३ मध्ये त्यानेच वाट बदलली. पोल्धूहून सुटलेल्या साधारण ९७ मीटरच्या लहरी त्याने ‘एलेत्रा’ या आपल्या बोटीवर थेट केप व्हर्देपर्यंत ऐकल्या. आखूड लहरी वातावरणाच्या वरच्या थरातून पुन्हा जमिनीकडे वळतात, म्हणून कमी ताकदीतही लांब पोचतात. त्यांचा एकाच दिशेने झोत सोडणाऱ्या अँटेनांनी १९२७ मध्ये इंग्लंड आपल्या खडकी-दौंडशी जोडलं. १९३७ मध्ये रोममध्ये मार्कोनी गेला.

तेव्हा परवाना मिळाला की माझा सल्ला सोपा: लांबच्या गप्पांसाठी व्हीएचएफ हँडसेट नको, एचएफ सेट घ्या. १०० वॅट भरपूर झाले. २० मीटर बँडसाठी साधारण १० मीटर तारेचा डायपोल गच्चीवर जमेल तितका उंच बांधा. उरलेले पैसे जास्त वॅटवर नाही, अँटेनावर घाला!