शांता आपटे (१९१६–१९६४)

'कुंकू' हा चित्रपट आपल्यापैकी काहींनी पाहिला असेल, इतरांनी त्याचे नाव तरी ऐकले असेल. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनी प्रभात फिल्म कंपनीसाठी तो १९३७ मध्ये काढला. 'दुनिया न माने' ही त्याचीच हिंदी आवृत्ती. दोन्हींची नायिका असलेल्या शांता आपटे मराठी लेखिकाही होत्या, हे मात्र बहुधा विसरले जाते.

त्यांचा जन्म सोलापूर जिल्ह्यातील दुधनीचा. गायनाचे शिक्षण लहानपणीच झाले. भालजी पेंढारकरांच्या 'श्यामसुंदर' (१९३२) या चित्रपटात त्या राधा झाल्या. पार्श्वगायन तेव्हा रुळलेले नव्हते, नटीला स्वतःच गावे लागे. त्यामुळे पुष्कळ जणी कॅमेऱ्यासमोर ताठ उभ्या राहून गात. 'अमृतमंथन' (१९३४) मध्ये शांताबाईंनी गाताना डोळे आणि हात बोलके केले, आणि हिंदी प्रेक्षकही त्यांना ओळखू लागला.

'कुंकू'मधील नीरा ही फसवून एका वृद्ध वकिलाच्या गळ्यात बांधलेली पोरकी मुलगी. ती घरात राहते, पण पत्नी होण्यास नकार देते, आणि अंगचटीला येणाऱ्या सावत्र मुलाला छडीने मारते. या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही, घरातले नैसर्गिक आवाज तेवढे ऐकू येतात. अशा शांततेत नटीला संगीताचा आडोसा मिळत नाही. नीरेचा संताप शांताबाईंना केवळ चेहऱ्याने आणि आवाजाने पेलावा लागला, आणि माझ्या मते त्यांची खरी कसोटी तेथेच लागली. केशवराव दाते यांनी साकारलेला पती अखेरीस आत्महत्या करतो. चित्रपट त्यालाही निव्वळ खलनायक ठरवत नाही, हे आपण लक्षात घ्यावे.

दोन वर्षांनी, १९३९ मध्ये, शांताबाई प्रत्यक्ष आयुष्यातही अडून बसल्या. करारावरून वाद झाला तेव्हा त्यांनी पुण्यात प्रभातच्या फाटकाशीच उपोषण आरंभले. त्या काळी चित्रपटातील स्त्रीच्या चारित्र्याची चर्चा फार होई, तिच्या कराराची क्वचितच. पुढे त्यांनी प्रभात सोडली आणि १९४० मध्ये 'जाऊ मी सिनेमांत?' हे पुस्तक लिहिले. चित्रपटात जाऊ पाहणाऱ्या तरुणीशी त्या त्यात बोलतात, पण नीतीचे पाठ देत बसत नाहीत. अभिनय हे श्रमाचे काम आहे, त्यात शरीर झिजते आणि पैशाची सूत्रे दुसऱ्यांच्या हाती असतात, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा आहे. आत्मकथनाच्या अपेक्षेने आपण हे पुस्तक उघडाल, तर हाती व्यवसायाची चिकित्सा येईल.

पुढे त्यांनी तमिळ 'सावित्री' (१९४१) साठी ती भाषा आत्मसात केली. त्या चित्रपटात एम. एस. सुब्बुलक्ष्मी नारद झाल्या होत्या. लाहोरच्या 'जमीनदार' (१९४२) मध्येही त्यांनी काम केले. 'सुभद्रा' (१९४६) मध्ये त्या तरुण लता मंगेशकरांबरोबर गायल्या. नंतरच्या काही वर्षांत पार्श्वगायनाने जम बसवला आणि स्वतः गाणाऱ्या नटीची गरज ओसरली. शांताबाईंच्या भूमिकाही कमी होत गेल्या. २४ फेब्रुवारी १९६४ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.