शाईच्या वडीतून पेटलेले वैर : चंग जुनफांग यांची जीवनकथा

चीनमधील मिंग राजवटीच्या उत्तरकाळात शाईच्या वड्या घडविणाऱ्या कारागिरांत चंग जुनफांग यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. आजच्या आन्हुई प्रांतातील हुईचौ ही त्यांची कर्मभूमी. पाइन वृक्षांमुळे हा प्रदेश शतकानुशतके शाईसाठी विख्यात होता.

दिव्याच्या ज्योतीवर धरलेली तेलाची काजळी किंवा पाइनच्या लाकडाचा काजळ सरसात कालवून, त्यात कस्तूरी व कापूर मिसळून तो गोळा दीर्घकाळ कुटला जाई. पुढे कोरीव लाकडी साच्यात दाबून वडी सावकाश वाळविली जाई. घाईने वाळलेली वडी तडकते. लिहिणारा ती दगडी सहाणेवर पाण्यात उगाळून वापरीत असे.

फांग यूलू हा गरीब तरुण चंग यांच्याकडे ही विद्या शिकला. पुढे त्याने स्वतःचा व्यवसाय थाटला आणि गुरूचाच प्रतिस्पर्धी बनला. १५८८च्या सुमारास त्याने आपल्या वड्यांवरील ३८०हून अधिक आकृत्यांचा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. दरम्यान मनुष्यवधाच्या आरोपाखाली चंग यांना तुरुंगवास घडला. त्यामागे शिष्याचाच हात असल्याची त्यांची समजूत होती.

सुटकेनंतर चंग यांनी ग्रंथानेच उत्तर दिले. १६०६च्या सुमारास निघालेल्या त्यांच्या संग्रहात सुमारे ५०० आकृत्या आहेत. कृतघ्न लांडग्याची जुनी कथा त्यात घालून त्यांनी फांगवर शरसंधान केले. याच ग्रंथात इटालियन धर्मप्रसारक मत्तेओ रिची यांनी दिलेली चार ख्रिस्ती चित्रे आली. रिची यांच्या चिनी मजकुरासोबत रोमन लिपीतील उच्चारही छापले गेले. चिनी भाषेच्या रोमन लिप्यंतराचा हा आरंभीच्या छापील नमुन्यांपैकी एक मानला जातो.

विशेष म्हणजे, चित्रकार डिंग युनपंग यांनी गुरू आणि शिष्य या दोघांच्याही ग्रंथांसाठी रेखाटने केली होती. १६०८ मध्ये फांगचे निधन झाले; चंग यांनीही काही वर्षांनी जगाचा निरोप घेतला.

शाईची वडी वापरताच झिजते आणि तिच्यावरील नक्षीही तिच्याबरोबर नाहीशी होते. दोघांच्या आकृत्या मात्र त्या ग्रंथांत टिकल्या. परस्परांना नामोहरम करण्याच्या ईर्ष्येने सजलेले हे दोन्ही ग्रंथ आज चिनी काष्ठमुद्रणाच्या उत्कृष्ट नमुन्यांत एकत्रच गणले जातात.