शेख महंमद श्रीगोंदेकर : दोन परंपरांच्या संधीवरील तत्त्वचिंतक

वारकरी ज्याला धाकटी पंढरी मानतात त्या नारायणगडाच्या बीड जिल्ह्यातच, आष्टी तालुक्यातील वाहिरे येथे शेख महंमदांच्या घराण्याचे मूळ सांगितले जाते. मुकुंदराज आणि दासोपंत यांचे अंबाजोगाई याच जिल्ह्यातले. अद्वैतविचार या भूमीत पूर्वीच रुजलेला होता. शेख महंमद त्या विचारापर्यंत वेगळ्या वाटेने आले.

पिता राजे महंमद, माता फुलाई. दौलताबादचे चांद बोधले हे त्यांचे गुरू. कादिरी सूफी परंपरेशी संबंधित अशा या सत्पुरुषाकडूनच जनार्दनस्वामींनाही बोध झाला असे परंपरा मानते. आणि जनार्दनस्वामींचे शिष्य एकनाथ. एकाच गुरुस्थानापासून निघालेली एक शाखा पैठणला गेली, दुसरी श्रीगोंद्याला. या नात्याकडे रा. चिं. ढेरे यांनी लक्ष वेधल्यानंतरही मराठी वाङ्मयेतिहासात शेख महंमदांची नोंद बहुधा ‘मुसलमान संतकवी’ या प्रकरणातच होत राहिली. ही वर्गवारी सोयीची असली, तरी तिच्यामुळे त्यांचे तत्त्वचिंतन दुर्लक्षित राहते.

शिवछत्रपतींचे आजोबा मालोजीराजे भोसले यांनी त्यांना गुरुस्थानी मानले व श्रीगोंद्यास मठ उभारून दिला, अशी परंपरा आहे. येथेच शके 1567 मध्ये, म्हणजे इ. स. 1645 मध्ये, ‘योगसंग्राम’ सिद्ध झाला. आत्मा हा योद्धा, आणि काम-क्रोधादी विकार हे शत्रू, असे त्याचे रूपक. सूफी साधनेतही ‘नफ्स’शी, म्हणजे वासनाबद्ध अहंशी, चालणारे युद्ध हेच खरे युद्ध मानले गेले आहे. तेव्हा हे रूपक योगमार्गाचे की तसव्वुफचे, असा प्रश्न उपस्थित होतो; पण ग्रंथ वाचताना तो गैरलागू वाटू लागतो, कारण कवीला दोन्हीकडची परिभाषा सारखीच आपली आहे.

या ग्रंथानंतर दहा वर्षांनी, 1655 मध्ये, दारा शुकोह याने ‘मज्मउल्-बहरैन’ लिहिला. त्यात सूफी आणि वेदान्ती संज्ञा शेजारी ठेवून त्यांचे साम्य दाखविले आहे. तो फारसी जाणणाऱ्यांसाठी लिहिलेला, राजपुत्राचा ग्रंथ. शेख महंमदांनी अशी तुलनेची कोष्टके मांडली नाहीत. त्यांचा श्रोता मराठी बोलणारा सामान्य साधक होता, आणि ओवी त्याच्या कानांना परिचित होती.

मात्र त्यांना सरसकट समन्वयवादी म्हणणे अपुरे होईल. क्षुद्र दैवतांच्या उपासनेवर आणि दांभिक गुरूंवर त्यांनी कठोर प्रहार केले. एकेश्वरनिष्ठा व अद्वैत या दोन्ही भूमिका तेथे एकाच निष्कर्षाला येतात. सृष्टीच्या उत्पत्तीविषयी मात्र ईश्वराच्या आज्ञेतून झालेली निर्मिती आणि मायेचा भास यांत मोठे अंतर आहे. अनुभवाच्या ऐक्याने ते आपोआप मिटत नाही. स्वतःला अविंध म्हणवून घेत अंतःकरणात गोविंद असल्याचे ते सांगतात, तेव्हा जन्माची ओळख ते टाकून देत नाहीत. त्यांच्या चिंतनातील हा ताण श्रद्धाळू चरित्रकारांनी पुढे चमत्कारकथांत विरघळवून टाकला.

महिपतींनी ‘भक्तविजया’त (1762) त्यांना संतमालिकेत स्थान दिले. वा. सी. बेंद्रे यांनी 1959 मध्ये ‘योगसंग्राम’ आणि 1961 मध्ये कवितासंग्रह संपादून प्रसिद्ध केला.