तोंड पाहून किडा ओळखायला शिकवणारा फॅब्रिशियस

सावदा, फैजपूर, रावेर पट्ट्यात केळीच्या बागेतला पालापाचोळा उचलला की खाली काळे भुंगेरे पळताना दिसतात. कीड समजून आपण ते पायाखाली चिरडतो. त्यांतले काही खरोखर केळीच्या सोंडकिडीचे असतात. पण काही शिकारी भुंगेरे असतात. त्यांना ग्राउंड बीटल म्हणतात. रात्री जमिनीवर फिरून अळ्या, कोष आणि गोगलगायी खाणारे हे मित्रकीटक आहेत. दोघांचाही रंग काळाच, मग फरक कसा करायचा? त्याची वाट अडीचशे वर्षांपूर्वी योहान ख्रिश्चन फॅब्रिशियस या डॅनिश शास्त्रज्ञाने दाखवली.

फॅब्रिशियस यांचा जन्म ७ जानेवारी १७४५ रोजी टोंडर या गावी एका डॉक्टरच्या घरी झाला. १७६२ मध्ये ते स्वीडनमधील उप्साला येथे कार्ल लिनियस यांच्याकडे शिकायला गेले आणि दोन वर्षे राहिले. प्राणी-वनस्पतींना दोन शब्दांची शास्त्रीय नावे देण्याची पद्धत रुजवणारे ते हेच लिनियस. लिनियस कीटकांचे गट मुख्यतः पंखांवरून पाडत. शिष्याने मात्र तोंडाकडे लक्ष दिले. किडा काय खातो आणि कसा जगतो, हे तोंडाच्या रचनेवरून कळते, म्हणून गट तोंडावरून पाडावेत, असा त्यांचा विचार होता.

हा विचार तुम्ही आजही रोज वापरता. मावा, तुडतुडे सोंड खुपसून रस शोषतात, अळी पान कुरतडते. रसशोषक आणि पाने खाणारी कीड असे गट पाडूनच आपण कीटकनाशक निवडतो.

१७७५ मध्ये त्यांचा ‘सिस्टेमा एन्टोमोलॉजी’ हा मोठा ग्रंथ निघाला. त्याच वर्षी ते कील येथे प्राध्यापक झाले. तिथे ते निसर्गविज्ञानाबरोबर अर्थशास्त्रही शिकवत. सुट्ट्यांमध्ये लंडन, पॅरिसला जाऊन तिथले कीटकसंग्रह तपासत. भारतात ते कधी आले नाहीत, पण भारतातले कीटक त्यांच्यापर्यंत पोचत. तमिळनाडूतील तरंगमबाडी हे तेव्हा डेन्मार्कचे व्यापारी ठाणे होते आणि तिथे लिनियस यांचेच दुसरे शिष्य कोनिग काम करत होते.

केळीची कोवळी रोपे, कापूस, सोयाबीन यांवर येणाऱ्या स्पोडोप्टेरा लिट्युरा अळीचे नाव १७७५ च्या त्याच ग्रंथातले. आपल्या कोरड्या, मोकळ्या रानात दिसणारा, सुमारे चार सेंटिमीटरचा, सहा पांढऱ्या ठिपक्यांचा काळा शिकारी भुंगेरा अँथिया सेक्सगुटाटा, त्याचेही मूळ वर्णन तिथलेच. मावा खाणाऱ्या सहा ठिपक्यांच्या ढालकिड्याला त्यांनी १७८१ मध्ये नाव दिले. ३ मार्च १८०८ रोजी कील येथे त्यांचे निधन झाले, तोवर जवळपास दहा हजार कीटकांची वर्णने त्यांच्या नावावर जमा झाली होती.

या दोन नावांत ठिपके असले तरी केवळ ठिपक्यांवर विसंबू नका. सहा ठिपक्यांच्या ढालकिड्यातच कुणाचे ठिपके जुळून नागमोडी पट्टे होतात, तर कुणी जवळजवळ पूर्ण काळा असतो. ग्राउंड बीटलमध्येही एकाच जातीत अळीला मिळालेल्या अन्नानुसार भुंगेरा लहान-मोठा होतो. अनेक जातींत नराच्या पुढच्या पायांची टोके मादीपेक्षा रुंद असतात. म्हणून रंग-आकारापेक्षा जबडा, मिशा, डोळ्याजवळचे ताठ केस अशी बारीक लक्षणे तपासतात. भारतातील या भुंगेऱ्यांवर एच. ई. अँड्र्यूज यांनी लिहिलेले १९२९ आणि १९३५ चे दोन खंड अशाच लक्षणांवर उभे आहेत.

बागेत भिंग घेऊन एवढे पाहा:

१. डोके पुढे सोंडेसारखे लांब: सोंडकीड. नष्ट करा.

२. मिशीच्या टोकाला पंख्यासारख्या पाकळ्या: हुमणीच्या गटातला भुंगेरा. शेणखतातले निरुपद्रवी भुंगेरेही याच गटात येतात, म्हणून खात्री करा.

३. जबडे पुढे आलेले, मिशा दोऱ्यासारख्या, पाय लांब आणि पळण्याचा वेग जास्त: बहुधा ग्राउंड बीटल. त्याला सोडून द्या.

ग्राउंड बीटल उघड्या हाताने पकडू नका. अँथियासारख्या जाती जळजळणारे द्रव उडवतात, डोळे सांभाळा.

सोंडकिडीसाठी खोडाचे उभे कापलेले तुकडे ठेवता, तेव्हा त्याखाली जमलेले सगळेच भुंगेरे एका डब्यात मारू नका, आधी निवडून घ्या. शंका असेल तर नमुना बाटलीत घालून जळगावच्या केळी संशोधन केंद्रात किंवा पालच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. ओळख न पटवता जमिनीत कीटकनाशक ओतले तर शत्रूबरोबर राखणदारही मरतो, आणि पुढच्या अळ्यांचा खर्च तुमच्याच खिशातून जातो.