जेम्स जॉन बर्कले

चैत्र-वैशाखांत कल्याणहून पुण्याच्या गाडीनें बोरघाट चढण्याचा योग ज्यांना आला असेल, त्यांना त्या प्रवासाची गोडी आम्हीं निराळी सांगावयास नको. बदलापूर, नेरळ मागें पडतें. कर्जतला गाडीच्या पाठीशीं आणखी एंजिनें लागतात. पळसदरी सुटते, आणि मग डोंगर अगदीं खिडकीशीं येतो. पांगारा लाल फुलांनीं भरलेला असतो, कोशिंबाला तांबूस पालवी फुटलेली असते, करवंदीच्या जाळ्या कातळाला बिलगलेल्या असतात. बोगदा आला कीं मुलें ओरडतात, बोगदा संपला कीं दरी पाहून गप्प होतात.

एका ईस्टरच्या सुटींत कांहीं विद्यार्थ्यांसह आम्हीं हा प्रवास केला. ठाकुरवाडीच्या पुढें एका लहान मुलानें विचारलें कीं, ही वाट काढली कोणीं? डब्यांतील एकाहि वडील माणसास उत्तर देतां आलें नाहीं. आम्हींहि इंग्रज सरकारानें, असें कांहींतरी सांगून वेळ मारून नेली. तें उत्तर चुकीचें होतें. त्याची भरपाई म्हणून हें चरित्र.

जेम्स जॉन बर्कले यांचा जन्म लंडनच्या हॉलोवे भागांत २१ ऑक्टोबर १८१९ रोजीं झाला. किंग्ज कॉलेजांत त्यांचें शिक्षण झालें, आणि १८३९ सालीं ते रॉबर्ट स्टीफनसन यांच्या कचेरींत कामाला लागले. आगगाडीच्या एंजिनाविषयीं ज्यांचें नांव शाळेंत आपण शिकतों त्या जॉर्ज स्टीफनसन यांचे हे चिरंजीव. इंग्लंडांत तेव्हां लोहमार्गांचें जाळें झपाट्यानें पसरत होतें. अशा गुरूच्या हाताखालीं दहा वर्षें काढलेल्या मनुष्यास पुस्तकी विद्येपेक्षां पुष्कळ अधिक मिळालें असलें पाहिजे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीला मुख्य एंजिनियर हवा होता, तेव्हां स्टीफनसन यांनीं आपल्या या शिष्याचें नांव सुचविलें. १८५० च्या फेब्रुवारींत बर्कले मुंबईस उतरले. वय अवघें तीस.

पहिलें काम सपाटीचें होतें. १६ एप्रिल १८५३ रोजीं दुपारीं साडेतीन वाजतां बोरीबंदरहून निघालेली गाडी ठाण्यास आली, ही गोष्ट आमच्या ठाणेंकर वाचकांना पाठच आहे. पुढें खाडीवर पूल बांधून आणि मुंब्र्याचा डोंगर पोखरून १ मे १८५४ रोजीं गाडी कल्याणास पोंचली. वाटेंतील डोंबिवली म्हणजे त्या वेळीं भातखाचरांमधील एक लहानसें गांव. आज तेथें सकाळच्या गाडींत पाय ठेवण्यास जागा मिळत नाहीं!

खरी परीक्षा कल्याणच्या पुढें होती. तेथून एक फांटा थळघाटानें नाशिककडे आणि दुसरा बोरघाटानें पुण्याकडे न्यावयाचा होता, आणि दोहोंच्या आड सह्याद्रि उभा होता. १८५६ सालीं गाडी खोपोलीपर्यंत गेली, १८५८ सालीं खंडाळ्याहून पुण्यापर्यंत सुरू झाली; मधला घाट मात्र तसाच राहिला. प्रवाशांनीं खोपोलीस उतरावें, पालखींत, तट्टावर किंवा पायीं घाट चढावा, आणि खंडाळ्यास पुन्हां गाडींत बसावें, असा क्रम होता.

येथें अडचण काय होती, हें मुलांनीं नीट समजून घ्यावें. बैल किंवा घोडा उभ्या चढणीवर पाय रोवतो. लोखंडी चाक गुळगुळीत लोखंडी रुळावर पाय कोठें रोवणार? चढ थोडा अधिक झाला कीं तें जागच्या जागीं फिरूं लागतें. म्हणून बर्कले यांनीं ठरविलें कीं, सदतीस फूट पुढें गेल्यावर एक फूट वर, याहून उभा चढ कोठेंहि असूं नये. घाटाची उंची १,८३१ फूट. ती अशा रीतीनें चढावयाची तर सुमारें सोळा मैलांची नागमोडी वाट हवी. तिच्यासाठीं पंचवीस बोगदे आणि आठ मोठे पूल योजावे लागले. खंडाळ्याच्या खालीं तर अशी अरुंद सोंड आली कीं गाडी वळविण्यास जागाच नव्हती. तेथें त्यांनीं गाडीला वळवूं नये, उलटवावें असें ठरविलें. गाडी सोंडेच्या टोंकाशीं येऊन थांबे, एंजिन सुटून दुसऱ्या टोंकास लागे, आणि आली ती गाडी तोंड फिरवून वरच्या वाटेला लागे. हें उलटणीचें स्थानक १९२९ पर्यंत चाललें. पुढें नव्या मार्गामुळें त्याची गरज उरली नाहीं. युक्ति साधी आहे; परंतु कागदावर सुचण्यापूर्वीं तिच्यासाठीं कांहीं वर्षें डोंगर हिंडावा लागला.

१८५६ च्या जानेवारींत काम सुरू झालें. पावसाळ्याचे चार महिने तें जवळजवळ बंदच असे. कड्यावर पाय ठेवण्यास जागा नसे, तेथें मजुरांना दोरानें खालीं सोडीत; लोंबकळत त्यांनीं कातळाला भोंकें पाडावीं, सुरुंग भरावा आणि बत्ती देऊन वर ओढून घ्यावें. १८६१ च्या सुमारास या घाटांत ४२,००० माणसें राबत होतीं. पटकीच्या सांथीनें, तापानें, दरडींनीं आणि सुरुंगांनीं हजारों मेलीं. १८५९ च्या आरंभीं मजुरी थकल्यावरून मोठा दंगा झाला, आणि पहिले ठेकेदार फॅव्हिएल यांनीं काम सोडलें. थकविलेल्या मजुरीविषयीं याकोबानें आपल्या पत्रांत काय लिहिलें आहे, तें वाचकांनीं काढून पाहावें. त्यांच्या जागीं सॉलोमन ट्रेडवेल आले, ते थोड्याच आठवड्यांत वारले. तेव्हां त्यांच्या पत्नी ॲलिस यांनीं परत न जातां ठेका स्वतःकडे घेतला आणि तो तडीस नेला. या बाईंचें नांव आमच्या मुलींनीं अवश्य लक्षांत ठेवावें. दोराला लोंबकळणाऱ्यांपैकीं एकाचेंहि नांव मात्र आम्हांस सांगतां येत नाहीं.

या सर्वांचा कांहीं भार मुख्य एंजिनियरावरहि पडतो, हें झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. घाईनें झालेलें कांहीं दगडकाम कच्चें होतें; घाटांतील एक मोठा पूल १८६७ सालीं कोसळला. तथापि बर्कले यांचा एक गुण त्या काळच्या गोऱ्या अधिकाऱ्यांत विरळा होता. मोठें काम या देशच्या माणसांस झेपणार नाहीं, असें त्यांनीं मानलें नाहीं. जमशेटजी दोराबजी या पारशी गृहस्थांचें शालेय शिक्षण बेताचेंच होतें. त्यांना बर्कले यांनीं लोहमार्गाचे ठेके मिळूं दिले. हे ठेके उत्तम रीतीनें पुरे झाले. १८६० सालीं लंडनच्या एंजिनियरांच्या संस्थेपुढें बर्कले यांनीं आपल्या कामाविषयीं मोठा निबंध वाचला.

परंतु डोंगरानें त्यांच्याकडूनहि आपलें मोल घेतलें. येथील हवेनें आणि श्रमानें प्रकृति ढासळली, आणि ते मायदेशीं परतले. २५ ऑगस्ट १८६२ रोजीं लंडनजवळ सिडनहॅम येथें त्यांचें देहावसान झालें. बेचाळीस वर्षांचें आयुष्य. त्यानंतर आठच महिन्यांनीं, १८६३ च्या एप्रिलांत, गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या हस्तें बोरघाटाचा मार्ग खुला झाला. थळघाटाचा १८६५ च्या पहिल्या दिवशीं. मोशेनें नबो डोंगरावरून कनान देश डोळे भरून पाहिला तरी. बर्कले यांना तेवढेंहि लाभलें नाहीं. मुंबईहून गाडींत बसून घाट चढत पुण्यास जाणें त्यांच्या नशिबीं नव्हतें.

त्यांच्या स्मरणार्थ मुंबई इलाख्यांत एंजिनियरिंगच्या विद्यार्थ्यांसाठीं एक पारितोषिक ठेवण्यांत आलें. १८८३ सालीं पुण्याच्या कॉलेजांतून परीक्षेंत पहिला येऊन तें मिळविणारा विद्यार्थी म्हैसूरकडील एका गरीब घरांतला होता. त्याचें नांव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या.