नवसागराचा धूर आणि राझींची भट्टी

मीठ आणि नवसागर एकत्र करून ते पुन्हा वेगळे करायला सांगणे, हा शाळेच्या प्रयोगशाळेतला जुना प्रयोग आहे. दोन्ही पांढरे, दोन्ही पाण्यात विरघळणारे. चाळणी चालत नाही, गाळणकागदही कामाचा नाही. मग मिश्रण चिनी मातीच्या बशीत ठेवायचे, त्यावर नरसाळे पालथे घालायचे, नळीच्या तोंडात कापसाचा बोळा बसवायचा आणि खालून मंद आच द्यायची. नवसागर न वितळताच धूर होऊन उडतो आणि नरसाळ्याच्या थंड भागावर पांढरा थर होऊन बसतो. मीठ बशीतच राहते. मराठी पुस्तकात याला संप्लवन म्हणतात. अरबीत तसईद, आणि उर्दूतही तोच शब्द.

अशा कृती भांड्यांसकट, आचेसकट सविस्तर लिहून ठेवणाऱ्यांमध्ये अबू बक्र मुहम्मद बिन जकरिया राझी यांचे नाव पुढे आहे. युनानी वैद्यकात ते रोज घेतले जाते. शाळेच्या प्रयोगशाळेत मात्र त्याची आठवण होत नाही.

राझींचा जन्म आजच्या तेहरानजवळच्या रय शहरात झाला. रयचा रहिवासी तो राझी. जन्मतारीख नोंदलेली आहे: हिजरी 251, शाबानची पहिली तारीख, म्हणजे इसवी सन 865. तरुणपणी ते ऊद हे तंतुवाद्य वाजवत, असे जुने चरित्रकार सांगतात. वैद्यकाकडे ते तिशी उलटल्यावर वळले. पुढे रयच्या आणि मग बगदादच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले. इब्न नदीम यांनी त्यांचे वर्णन केले आहे ते मोठ्या डोक्याचे शेख म्हणून. ते शिष्यांच्या कड्यांमध्ये बसत. रुग्ण आधी बाहेरच्या कड्यातल्या शिष्यांकडे जाई, त्यांना उमगले नाही तर आतल्या कड्याकडे, आणि तिथेही अडले तर गुरूंकडे. गरिबांवर ते मोफत उपचार करत, वर पदरचे पैसेही देत.

किमयेचा नाद त्यांनाही होता. हलक्या धातूचे सोने करता येईल यावर त्यांचा विश्वास होता आणि ते सोने काही मिळाले नाही. पण किताबुल असरार या ग्रंथाचे नाव रहस्यांचे असले तरी आत गूढ फारसे नाही. भट्टी, भाता, मूस, नरसाळे, गाळायचे कापड, पाण्यावर ठेवून गरम करायचे भांडे अशी सामग्रीची यादी आहे आणि कोणत्या कामाला काय वापरायचे ते सांगितले आहे. जाबिर बिन हय्यान यांच्या नावावरचे ग्रंथ आधीपासून होतेच, पण त्यांत रूपके फार. राझींची भाषा कारागिराची आहे.

त्यांची वर्गवारी तर अजून पाहण्यासारखी आहे. पदार्थ प्राणिज, वनस्पतिज आणि खनिज. खनिजांतल्या चार पदार्थांना त्यांनी रूह म्हटले: पारा, गंधक, हरताळ आणि नवसागर. आगीवर ठेवले की हे उडून जातात, म्हणून रूह. सात धातू आगीत टिकून राहतात, म्हणून ते जसद, म्हणजे शरीर. पदार्थाचा रंग किंवा किंमत बाजूला ठेवून तो आगीत कसा वागतो हे पाहायचे, आणि बशीतले मीठ-नवसागर वेगळे होते तेही याच फरकावर. ऊर्ध्वपातनासाठी कर्अ नावाचे पोटाचे भांडे, त्यावर चोचीसारखी नळी असलेले अंबीक आणि थेंब झेलायला काबिला. युनानी औषधे बनवणारे अर्क काढायला कर्अ-अंबीक आजही वापरतात. रमजानमध्ये मोमिनपुऱ्यात खपणारे अत्तरही मुळात अशाच तत्त्वावर निघते.

वेगळे करण्याची हीच सवय त्यांनी रोग्याच्या खाटेपाशी नेली. देवी आणि गोवर यांत त्या काळी नेहमी गफलत होई. राझींनी त्यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि खुणा वेगळ्या केल्या: देवीत पाठदुखी जास्त, गोवरात मळमळ आणि घालमेल जास्त. सरसामाच्या रुग्णांत काहींचे रक्त काढले, काहींचे मुद्दाम काढले नाही आणि फरक पाहिला. पारा पोटात गेल्यावर काय होते हे त्यांनी माकडाला पाजून तपासले.

धर्मविषयक मतांमुळे त्यांना विरोधही झाला. रयमधलेच अबू हातिम राझी यांच्याशी त्यांचा वाद गाजला. त्यांचे तत्त्वज्ञानाचे बरेच लिखाण आज कळते ते विरोधकांनी केलेल्या खंडनांतून. पण ज्यांना ती मते पटली नाहीत, त्यांनीही पुढे शतकानुशतके त्यांचे वैद्यक शिकवले.

त्यांच्या पुस्तकांची यादी केली ती अल-बिरूनी यांनी. जन्म-मृत्यूच्या तारखाही त्यांच्याच. याच बिरूनींनी हिंदुस्थानावरच्या ग्रंथात रसविद्येतल्या नागार्जुनाची नोंद केली आहे आणि त्याचा काळ आपल्या आधी शंभरेक वर्षे सांगितला आहे. तो हिशेब धरला तर नागार्जुन जवळपास राझींचा समकालीन ठरतो. रामटेकची नागार्जुन टेकडी नागपूरकरांना ठाऊक आहे. राझींच्या अल-हावीत तर चरक आणि सुश्रुत यांचे आधार जागोजाग आहेत. बगदादमध्ये या ग्रंथांची भाषांतरे आधीच झाली होती.

बिरूनी सांगतात की राझी रात्री भिंतीच्या कोनाड्यात दिवा ठेवून, पुस्तक भिंतीला टेकवून वाचत, म्हणजे डुलकी लागली की ते पडून जाग यावी. शेवटी डोळे गेले. सोने न बनल्याने चिडलेल्या अमीर मन्सूरने त्यांच्याच ग्रंथाने डोक्यात मारले म्हणून ते आंधळे झाले, ही दंतकथा रंजक आहे, पण बिरूनींचा दिवा अधिक खरा वाटतो. उपचाराला त्यांनी नकार दिला. हिजरी 313 च्या शाबानमध्ये, इसवी सन 925 मध्ये, ते रयमध्येच वारले.

मागे टिपणांचा ढीग राहिला. वजीर इब्नुल अमीद यांनी राझींच्या बहिणीला मोठी रक्कम देऊन तो मिळवला आणि शिष्यांना बसवून लावून घेतला. त्यातून अल-हावी तयार झाला. 1279 मध्ये फरज बिन सालिम या यहुदी वैद्याने त्याचे लॅटिन भाषांतर पूर्ण केले.